मुलिंगखालचं खाचर

हमामाला एकच खोड होती, आणि गावात सगळ्यांना ती खोड सद्गुण वाटायची. कुणी काही पुढे केलं की ती आधी नको म्हणायची. कॉफी दिली तर "आत्ताच झाली." केळीच्या पानात बांधलेला भात दिला तर "घरी आहे, पोरीपुरता." लग्नात सासऱ्यानं सोन्याची साखळी आणली तेव्हासुद्धा मान मागे घेऊन ती म्हणाली होती, "राहू द्या ना अबू, तुमच्याचकडे." साखळी अर्थात गळ्यात पडली. पण बायका पुढे कित्येक वर्षं हा किस्सा हसून सांगायच्या आणि आपापल्या मुलींना म्हणायच्या, बघ, याला म्हणतात वळण. असलं वळण लावणाऱ्यांना एकदा हमामाच्या पुढच्या दिवसांत आणून बसवायला हवं होतं.

इंडोनेशियातल्या आचेत, आमच्या पिदीच्या बाजूला मुलीला लग्नात आईबाप घर देतात आणि नवरा तिच्या घरी राहायला येतो. हमामालाही खांबांवरचं एक लहानसं घर मिळालं होतं. जमीन मात्र माहेरी वीतभरसुद्धा नव्हती. नवरा लेमान बैलगाडीनं विटा वाहायचा, ती शिडीखाली बसून मुलिंगच्या झाडाच्या बिया भाजायची, गरम गरम दगडावर ठेचून त्यांचे पापड करायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं. रोहाना दहा वर्षांची असताना लेमान नारळावरून पडला आणि तिथल्या तिथे गेला.

त्याच्यामागे राहिला एक बैल. बैल विकला आणि मुनाशात, म्हणजे जिथे गाव नमाजालाही जमतं आणि भांडायलाही, तिथे वाटे झाले. बायकोला आठवा हिस्सा, एकुलत्या मुलीला निम्मा, उरलं ते लेमानच्या बापाला. हमामा खाली मान घालून म्हणाली, "मला कशाला? अबूंनाच द्या." नमाज पढवणारे तेंगकू इमूम तिच्यावर खेकसले, "तुला कुणी विचारलंय का? हा देवानं बांधून दिलेला वाटा आहे. मी देत नाही आणि तूही नाकारायचा नाही. विधवेच्या तोंडचं काढून घेणारे दीर-सासरे काय कमी आहेत जगात? म्हणून तर आधीच मोजून ठेवलंय."

सासरा अबू पुतेह. कुणाच्या बापाला न भिणारा म्हातारा. त्यानं आपल्या वाट्याचे पैसे सगळ्यांदेखत घेतले, मूठ मिटली, आणि मग तीच मूठ नातीच्या ओंजळीत उघडली. कुणीतरी म्हणालं, "द्यायचेच होते तर घेतलेस कशाला?"

"हक्क आधी हातात घ्यायचा असतो," म्हातारा म्हणाला. "हातातच नाही ते सोडणार काय, कपाळ?"

सगळे हसले. हमामाही पदराआड हसली.

बैलाचा वाटा मिळाला, पण त्याच दिवसापासून रोहानाच्या मागे दुसरं एक दुखणं लागलं. आमच्याकडे त्याला साकव मोडला म्हणतात. बापाच्या आधी मुलगा गेला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, की गेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबाच्या मालमत्तेत काही मिळत नाही. जवळचा वारस उभा असताना लांबच्याला वाटा नाही. मधला साकवच वाहून गेला, आता पलीकडे जाणार कसं? अबूचा धाकटा मुलगा बांता धडधाकट होता. म्हणजे अबूचं जे काही होतं, ते उद्या एकट्या बांताचं.

अबूला हे माहीत होतं, आणि यावरचा उपायही माहीत होता. जिवंतपणी दान करून टाकायचं, नाहीतर तिसऱ्या हिश्शापर्यंत मृत्युपत्र करायचं. तेंगकू म्हणाले, "मृत्युपत्र कर, सोपं आहे." म्हातारा उसळला. "म्हणजे पोरगी रोज उठून मी कधी मरतो ते बघत बसेल! द्यायचं तर जिता असताना देईन, माझ्या डोळ्यांनी बघेन."

रोहाना सतरा वर्षांची झाली, चांगली जाणती झाली, तेव्हा त्यानं दिलं. रोजे सुरू व्हायच्या आदला दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे गरिबातल्या गरीब घरीसुद्धा मांस शिजतं. अबूच्या ओसरीवर तेंगकू होते, बांता होता, आळीतली चार माणसं होती. म्हाताऱ्यानं नातीला समोर बसवलं.

"मुलिंगखालचं खाचर तुझं. आजपासून. आज दिलं. घेतलंस?"

रोहानानं आईकडे पाहिलं, मग आजोबांना म्हणाली, "घेतलं, नेक."

नदीकाठचं ते खाचर म्हणजे अबूचा जीव. बांधावर मुलिंगची दोन झाडं, पाणी पाटाचं, दोन पिकं हमखास. तेंगकू म्हणाले, "मग उद्या नेऊन ताबा दे हिला. बांधावर उभी कर, चार कुदळी मारू दे." म्हातारा म्हणाला, "उद्या कशाला, आत्ता चला."

आणि हमामानं तोंड उघडलं.

"अबू, कसली घाई! तुम्हीच कसा. आम्ही दोघी बायका, आम्हाला नांगर कुठे धरता येतो? आणि रोज्यांच्या तोंडावर म्हाताऱ्याला त्याच्या शेतातून हाकललं म्हणतील लोक. राहू द्या तुमच्याचकडे."

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढी समजूतदार सून! म्हाताऱ्याचा चेहराही फुलला. खाचर दिलंही आणि हातातलं गेलंही नाही. तेंगकूंनी हट्ट धरायला हवा होता. पण आतून मांसाचा वास सुटला होता आणि ते तेंगकू असले तरी माणूसच होते.

त्यानंतर दोन पिकं निघाली. अबूनंच नांगरलं, अबूनंच कापलं, भात अबूच्याच कणगीत गेला. तिथून तो हमामाकडे पूर्वीसारखीच पोती पाठवायचा, कधी एक, कधी दोन. मुलिंगच्या बिया पडायच्या तेव्हा हमामा टोपली घेऊन बांधाखाली उभी राहायची आणि आधी विचारायची, "अबू, वेचू का थोड्या?" म्हातारा नांगरावरून ओरडायचा, "वेच, वेच!" मग ती वेचायची. आणि एका पहाटे नमाजाला वाकलेला म्हातारा उठलाच नाही.

सातव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर वाटपाची बैठक बसली. वारस एकच, त्यामुळे वाटप असं नव्हतंच. प्रश्न होता तो एकट्या खाचराचा.

बांता काही वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वाईट असता तर हमामाला त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो तिला चुदा म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सातही दिवस त्यानं तिला पाण्याचा हंडा उचलू दिला नव्हता. पण त्याला तीन मुली होत्या. तीन मुली म्हणजे तीन घरं. थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या घराचे खांबसुद्धा अजून उभे नव्हते.

"अबूंनी दान केलं, हे कुणी कुणी ऐकलं?" तेंगकूंनी विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं. बांतानंही हात वर केला. "मीही होतो. खोटं कशाला बोलू? आज दिलं, असं म्हणाले अबू."

हमामाच्या जिवात जीव आला. दीरच साक्ष देतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

"बरं, मग ताबा कधी दिला?"

"तेवढा राहिला," आळीतलं कुणीतरी म्हणालं.

"त्यानंतर नांगर कुणी धरला?"

"अबूंनी."

"भात कुणाच्या कणगीत गेला?"

"अबूंच्या."

तेंगकूंनी दाढीवरून हात फिरवला. त्यांनाही हे सुखाचं नव्हतं. रोज्यांच्या आदल्या दिवशी आपण का उठलो नाही, हे त्यांना आता लख्ख आठवत असणार. ते हमामाकडे वळले, आणि एखादी पळवाट असली तर ती हिच्याच हातात आहे, अशा आवाजात हळूच म्हणाले, "हे बघ बाई, झाडंही खाचराबरोबरच दिलेली. तू बिया वेचायचीस, हे गावानं बघितलंय. रोहानासाठी वेचायचीस. मालकिणीसारखी जाऊन वेचत असलीस, तर तोही ताबाच धरता येईल मला. नीट आठवून सांग. वेचायच्या आधी अबूंना विचारायचीस का?"

ओसरीखाली कोंबड्या माती उकरत होत्या. रोहानानं आईचं मनगट धरलं. बांता चटईच्या काड्या उपसत होता. तिनं नाही म्हणावं, असं त्यालाही त्या क्षणी वाटत होतं. म्हणजे खाचर निकालानंच गेलं असतं आणि तीन मुलींना सांगायला तोंड राहिलं असतं.

बांधावर ती आणि म्हातारा, दोघंच असायची. म्हातारा मातीखाली. नाही, एवढा एकच शब्द. जन्मभर कॉफीला, भाताला, साखळीला जो शब्द ती उठता बसता म्हणत आली, तोच शब्द आज म्हणायचा होता, आणि तो तिच्या तोंडातून निघेना. कारण समोर भिंतीवरच्या फळीवर कुराण ठेवलेलं होतं आणि म्हाताऱ्याच्या जागी त्याची टोपी होती, आणि आज खोटं बोलून खाचर घेतलं तर त्याच्यातला भात पोरीच्या पोटात कसा उतरेल, हे तिला समजेना.

"विचारायची," ती म्हणाली.

"दान दिल्यावरसुद्धा?"

"दिल्यावरसुद्धा. दर वेळी."

रोहानानं मनगट सोडलं.

तेंगकू बराच वेळ बोलले. दान म्हणजे नुसता शब्द नव्हे. देणाऱ्यानं सोडायचं आणि घेणाऱ्यानं हातात घ्यायचं, तेव्हा ते पुरं होतं. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि मेलेल्याच्या तोंडी काहीही घालेल, आणि खऱ्या वारसाच्या हातात करवंटी येईल. मेलेल्याच्या इच्छेवर, जिवंताच्या चलाखीवर काही अवलंबून राहू नये म्हणून तर वाटे वरून ठरून आलेत. दान पुरं झालं नाही. खाचर अबूचंच राहिलं, आणि अबूचं ते आता बांताचं.

"अहो, मग मृत्युपत्र समजा ना!" शेजारची म्हातारी हलीमा मधल्या दारातून ओरडली. "तिसऱ्या हिश्शात बसतंय की खाचर!"

"कसं समजू?" तेंगकूंचा आवाजही चढला. "मेल्यावर देतो म्हणाला असता तर समजलं असतं. आजपासून दिलं म्हणाला. या कानांनी ऐकलंय मी, आणि तुम्ही सगळ्यांनी आत्ता तीच साक्ष दिलीत. आता त्याचे शब्द बदलू का, तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

मग ते बांताकडे वळले. "तू वारस आहेस. बापाचा शब्द पुरा करायचा तर कर, फार मोठं पुण्य आहे. नाही केलास तर तुला कुणी धरू शकत नाही."

सगळी ओसरी बांताकडे बघत राहिली. मधल्या दाराच्या पडद्याआड त्याची बायको होती, ती खाकरलीसुद्धा नाही. तिला खाकरायची गरजच नव्हती.

"थोरलीच्या घराचं लाकूड," बांता म्हणाला, आणि थांबला. "खाचर हाताशी आहे म्हणूनच सुतारानं होकार दिलाय." मग एकदम हमामाकडे वळून, अगदी मनापासून म्हणाला, "पण चुदा, भात मी पाठवत जाईन. अबू पाठवायचे तसाच. दर पिकाला. तुम्हा दोघींना उपाशी ठेवणार नाही."

"नको नको," हमामा म्हणाली. "आहे घरी. तुझ्या तीन आहेत."

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. पण ओसरीवरच्या माना पुन्हा डोलल्या होत्या, आणि तेंगकूंनी दुवा मागायला हात उचलले होते.

वाटेत रोहाना आईच्या पुढे पुढे चालत राहिली. घरी आल्यावर शिडी चढतानाच तिचा बांध फुटला.

"एकदा खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं गं, माक?"

"देवापुढे कसं बोलू?"

"आणि भाताला नको म्हणालीस ते? तेही देवानं सांगितलेलं?"

रोहाना हुंदके देत राहिली आणि म्हणाली, "तेव्हा मी चालले होते. नेक उठलेसुद्धा होते. कुदळ कोपऱ्यात होती, मी बघितली होती. तू बसवलंस मला."

त्या दिवसापासून हमामाचं जेवण तुटलं. कुणाच्या नावानं बोटं मोडावीत, हेच तिला समजत नव्हतं. बांताचा हक्क होता. तेंगकू खरं बोलले होते. म्हातारा देऊन गेला होता. लेमानच्या वेळी याच कायद्यानं तिच्या हातात तिचा आठवा हिस्सा जबरदस्तीनं ठेवला होता. सगळे बरोबर होते, आणि पोरीच्या तोंडचा घास गेला होता. कुठल्याही वाटेनं विचार केला तरी ती फिरून फिरून स्वतःपाशीच येऊन पोचायची. रात्री नव्हे, भर दुपारी बिया ठेचता ठेचता हातोडी थांबायची आणि बी गार होऊन जायची. गार बी ठेचली की तिचा चुरा होतो. त्या महिन्यात निम्मे पापड फुकट गेले.

बांतानं पोतं पाठवलं नाही. पाठवायचं त्याच्या मनात होतं, पण त्याच्या बायकोनं नुसतं विचारलं, "चारचौघांत नको म्हणाल्या ना त्या? मग परत पाठवून अपमान कशाला करायचा?" हेही बरोबरच होतं.

घरातल्या डब्याचा तळ दिसला तेव्हा लावणी तोंडावर आली होती. बांता स्वतः शिडीपाशी आला. वर चढला नाही, खालीच चपला चाळवत उभा राहिला.

"चुदा, मुलिंगखालच्या खाचराची चिखलणी झालीय. उद्या लावणी. बाहेरच्या बायका आणण्यापेक्षा म्हटलं... दुसऱ्यांच्या खाचरातली तुमची लावणी बघून अबू नावाजायचे. रोजचं माप इतरांना देतो ते देईन. वर थोडं जास्तच."

त्यानं हे भलेपणानं विचारलं होतं. हमामानं आत पाहिलं. रोहाना भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी नाही उतरणार," रोहाना आतून म्हणाली. "माझ्या खाचरात मी मजुरीनं नाही उतरणार."

"येईन," हमामा बांताला म्हणाली. "मी येईन."

सकाळी ती बांधावर पोचली तेव्हा बाकीच्या बायका आवणातल्या रोपांच्या जुड्या सोडत होत्या. तिला बघून त्यांची बडबड थांबली. हलीमा म्हातारी रोपं पुरवायला बसली होती, तिनं नुसता डोळ्याला पदर लावला. मुलिंगच्या बिया बांधाखाली लालभडक पडल्या होत्या. हमामाची नजर सवयीनं अबूचा नांगर असायचा तिकडे गेली, विचारायला. तिथे बांता होता.

ती चिखलात उतरली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. वर्षानुवर्षं या खाचरातला भात खाल्ला, पण या चिखलात तिचा पाय आज पहिल्यांदा पडत होता. त्या दिवशी एवढंच करायचं होतं. पोरीचा हात धरायचा, ओसरीवरून उठायचं, इथे यायचं आणि असं उभं राहायचं. मांस थोडं गार झालं असतं. लोक चार दिवस म्हणाले असते, कसली हावरी बाई. तेवढंच.

दिवसभर ती मागे मागे सरत रोपं खोवत राहिली. इतर बायकांच्या ओळी वाकड्या गेल्या, तिच्या सरळ आल्या. दोनदा तिच्या तोंडून हुंदका फुटला, आणि दोन्ही वेळा बायकांनी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, ऐकू आलं नाही असं दाखवायला.

ऊन उतरल्यावर सगळ्या पाटात पाय धुऊन बांधावर रांगेत उभ्या राहिल्या. बांता पोतं उघडून मापानं भात देत होता. एकेकीनं पदर पसरला, माप घेतलं, ती गेली. हमामाची पाळी आली. बांतानं माप शिगोशीग भरलं, वर आणखी एक ओंजळ टाकली आणि मान वर न करता म्हणाला, "घ्या, चुदा."

तिचे ओठ हलले. त्या ओठांना दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. बांता माप धरून थांबला, क्षणभर त्याचा हात किंचित मागेही गेला, कारण तिची रीत त्यालाही ठाऊक होती.

हमामानं घाईघाईनं दोन्ही हात पुढे केले, चिखलाचे, नीट धुतलेसुद्धा नव्हते, आणि माप त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. पदरात भात ओतला, त्यात हात घातला आणि मूठ मिटली. घरी पोचेपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही.

रोहानानं शिडीवरून तिला येताना पाहिलं, पदर पाहिला, मूठ पाहिली. ती उठली आणि आत गेली, आणि दार लावून घेतलं.